मितभाषी माणसाचं मानपत्र

मितभाषी! मला! आता तुम्हीच सांगा, मी मितभाषी आहे? आल्यापासून तुम्हाला खोकायलासुद्धा जागा दिलीये का मी? आणि मानपत्रात छापलंय, सोनेरी अक्षरांत, 'मितभाषी सीतारामभाऊ'! अहो, सरळ लिहायला शाई जास्त लागते का?

तुम्हाला सांगतो, एकोणीस वर्षं मी कर्वेनगरच्या आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून मागच्या महिन्यात सोडलं, तर सोसायटीनं शाल, नारळ आणि हे मानपत्र दिलं. मी खूश! खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. दारासमोरच टांगलं, म्हणजे कुरियरवाल्यालासुद्धा ते वाचल्याशिवाय सही मिळायला नको. तीन दिवस सुखाचे गेले हो... आणि चौथ्या दिवशी आली आमची नात, पूर्वा. ती स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते, म्हणजे जगात जे काही आहे त्याला चार पर्याय असतात अशी तिची पक्की समजूत. तिनं मानपत्र वाचलं, मान तिरकी केली आणि म्हणाली, "आजोबा, पर्याय क्रमांक तीन. व्याजस्तुती."

मला वाटलं स्तुतीचाच काहीतरी वरचा प्रकार असेल, म्हटलं वा! तर म्हणते, "वा काय? वरून स्तुती, आतून निंदा. एक उपमा, दोन अतिशयोक्ती, तीन व्याजस्तुती, चार यांपैकी नाही. उत्तर तीन." आणि पोहे खायला लागली! तेव्हापासून चष्मा पुसून पुसून एकेक ओळ तपासतोय. 'पर्वताएवढा संयम.' बरं, नुसती उपमा असती तर चाललं असतं, पण लिफ्ट बंद पडली तेव्हा मी मेकॅनिकला काय काय बोललो ते चारही मजल्यांनी ऐकलंय! 'आपल्या सौम्य सूचनांनी जिना सजला.' सौम्य? मी फळ्यावर लिहिलेली एक सूचना सांगतो, ऐका. 'कुंड्यांना रोज आंघोळ घालणाऱ्यांनी, खालून जाणाऱ्यांची आंघोळ घरी झालेली असते हे लक्षात ठेवावे.' हिला सौम्य म्हणणारा माणूस एक तर साधू असणार, नाही तर पर्याय क्रमांक तीन! सरळ लिहायला शाई जास्त लागते का?

मग मी चौकशी लावली. शमशुद्दीनभाई, आमचे अध्यक्ष, त्यांना जिन्यात गाठलं. म्हणाले, "सीतारामभाऊ, माझ्याकडे फक्त फ्रेमचं काम होतं. मंडईमागून करून आणली. काच बघा की, कशी लख्ख आहे!" काचेचं कौतुक! आतल्या मजकुराबद्दल चकार शब्द नाही! दुसऱ्या मजल्यावरची कल्याणी, आयटीतली, कानातलं ते इयरफोनचं बोंडूक न काढता म्हणते, "काका, इट्स सो क्यूट! ओव्हरथिंक नका ना करू." क्यूट! अडुसष्ट वर्षांच्या माणसाला! आता बोलायलासुद्धा शाई लागते का हो?

शेवटी कळलं, मजकूर आम्रपालीबाईंचा. तिसरा मजला, मराठीच्या निवृत्त शिक्षिका... आणि त्या कुंड्या त्यांच्याच! म्हटलं, सापडला चोर. मानपत्र भिंतीवरून काढलं, काखेत मारलं, गुडघे धरत जिना चढलो, लिफ्ट अर्थातच बंद, आणि दारातच विचारलं, "बाई, हे 'मितभाषी' म्हणजे कुठला अलंकार?"

चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "एकही नाही. लॉकडाऊनमध्ये आमचे हे दवाखान्यात होते, मी घरात कोंडलेली. सतरा दिवस रोज सकाळी कडीला दुधाची पिशवी कोण अडकवून जायचं?" मी काखेतलं मानपत्र खाली टेकवलं. "बेल वाजवली नाहीत. 'मी आणलं' म्हणाला नाहीत. नंतरही कधी नाही. अशा माणसाला मराठीत मितभाषी म्हणतात. आणि तुमच्या त्या सूचनेनंतर कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्यात मी. आत या, चहा टाकते."

तुम्हाला सांगतो, मला बोलताच येईना. मला! चहा प्यायलो, तोही कसाबसा. उतरताना ठरवलं, आयुष्यात एकदा तरी आपणही सरळ लिहायचं. फळा पुसला आणि लिहिलं, 'सर्व सभासदांचे मनापासून आभार. आपण सगळे फार चांगले आहात. सीताराम.' खडूसुद्धा जास्त लागला नाही!

पण तासाभरात काय झालं? शमशुद्दीनभाईंनी गेटातली स्कूटर गुपचूप हलवली. कल्याणीनं जिन्यातल्या चपला आत घेतल्या आणि वर मेसेज, "काका, सॉरी, पण नक्की काय झालं?" आणि आम्रपालीबाई... अहो, ज्यांनी सकाळी मला चहा पाजला, त्यांनी सगळ्या कुंड्या घरात घेतल्या!

संध्याकाळी पूर्वा आली. फळा वाचून टाळीसाठी हात पुढे केला. "आजोबा, जबरदस्त! पर्याय क्रमांक तीन!" म्हटलं, अगं नाही गं, चार! यांपैकी नाही! मी सरळ लिहिलंय! तर खांद्यावर हात ठेवून म्हणते, "आजोबा, तुमच्या पेपरात चार हे उत्तर कधीच नसतं."

मग काय करता? खडू उचलला आणि खाली एक ओळ घातली, 'वरील आभार रद्द समजावेत.' पाच मिनिटांत कुंड्या बाहेर आल्या.