एकट्यापुरती होडी

जेऊर स्टेशनात गाडीची वाट बघत होतो. शेजारी एक म्हातारा भोई आणि सुतार बसले होते.

"सटवामामा, नवी होडी केवढी करू?"

"मला एकट्याला वल्हवता येईल, येवढी."

"लहान होडीत उभं ऱ्हाऊन जाळं फेकलं तर कलंडंल की. मागं कुणीतरी बसाय पायजे."

"मागं धोंडा ठेवीन."

"धोंडा वल्हं मारतो व्हय? मामी होत्या तवा येगळं होतं. आता पोराला बोलवा."

"त्यो गिरणीत रमलाय. तू होडी लहानच कर. मागली फळी मातुर तासून गुळगुळीत कर."

"धोंड्याला कशाला गुळगुळीत फळी?"

"जुन्या फळीला लुगडं अडकायचं रं तिचं."