राजवीर रागावत नाही

वर्षाराणी : न्हाय पटत, वन्सं. कितीबी फिरवा, हा माणूस काय खरा वाटत न्हाय.

राजनंदिनी : म्हण, तूही तेच म्हण. प्रकाशकांनी कादंबरी परत पाठवली ती याच्याचपायी. थोरल्या भावाचं पात्र पटत नाही म्हणे. चारदा लिहिलं गं वहिनी. तो चालतो कसा, खातो काय, शर्टाच्या बाह्या कशा दुमडतो, सगळं लिहिलं. कॉलेजात तास घेऊन यायचं, आईच्या डोळ्यांत थेंब घालायचे आणि मग बसायचं याला जिवंत करत. वीट आलाय नुसता.

वर्षाराणी : नाव राजवीर ठिवलं म्हणून काय झालं, हायत ते आमचंच हे. आन आमचं हे असं कवा बोलत हुते? "तू दमली असशील, जरा टेक." मला तर आठवंना बाई.

राजनंदिनी : हळू. आई आत झोपलीय. दादा गेल्यापासून तिची झोप तशीच सावध, त्यात हे मोतीबिंदूचं ऑपरेशन.

वर्षाराणी : हळूच बोलालेय की. आत्तींस्नी तुम्ही रोज वाचून दाखवताय न्हवं, ह्यो राजवीर?

राजनंदिनी : टीव्ही बघायचा नाही, बाहेर पडायचं नाही. राजारामपुरीच्या या फ्लॅटमध्ये तिनं करायचं काय दिवसभर? विरंगुळा म्हणून वाचते.

वर्षाराणी : तुमचा विरंगुळा हुतोय आन मला फोन येतोय. रडत रडत म्हणत्यात, "असला नवरा लाभल्यावर दुसरा करायचं मनात तरी कसं येतं गं तुझ्या?" कालबी तेच. इचलकरंजीच्या स्थळाला नगं म्हणून कळव म्हणाल्या.

राजनंदिनी : असं म्हणाली? मागच्या महिन्यात तर विचार करते म्हणत होती.

वर्षाराणी : मागच्या म्हैन्यात पुस्तक सुरू न्हवतं. तीन वर्सं झाली ह्यांस्नी जाऊन. तिकडं इचलकरंजीत माधवराव किती वाट बघतील? त्यांचं म्हणणं, आपण रजिस्टर करून मोकळं हुया. पर मला चोरून न्हाय जायचं, वन्सं. गडमुडशिंगीत त्या घरातनं आत्तींच्या हातनं वटी भरून घ्यायची आन मग जायचं. मला आता दुसरं माहेर कुठं उरलंय?

राजनंदिनी : मी काय मुद्दाम केलं का? हे बघ, माझा एक नियम असतो. पुस्तकातल्या प्रत्येकानं एकदा तरी खोटं बोलायचं, एकदा तरी कुणाला तरी दुखवायचं. मग ती माणसं आपली आपण चालायला लागतात. तो पिराजी दुकानदार बघ, कसा उठून बसलाय. दादापाशी आलं की हात अडतो. अख्खं गाव आलं होतं त्याच्या मातीला. त्याचं वाईट कुठनं आणू?

वर्षाराणी : अवो, चौकात त्यांचा फ्लेक्स लागलता, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. त्यो फ्लेक्सवरचा माणूस उचलून तुम्ही पुस्तकात ठिवला. सदा आपला हसालाय.

राजनंदिनी : मग तू सांग. कधी खोटं बोलला दादा?

वर्षाराणी : खोटं न्हाय बोलत हुते. बोलतच न्हवते.

राजनंदिनी : म्हणजे?

वर्षाराणी : ते निरोपाचं लिवलंय बघा तुम्ही. राजवीर बायकोला बहिणीकरवी निरोप धाडतो. "तिला सांग, आमटीत मीठ कमी हाय." "तिला इचार, माझा टॉवेल कुठं हाय." आन बहीण हसत हसत सैपाकघरात पळती.

राजनंदिनी : अगं, ते तर सगळ्यात गोड प्रकरण आहे! मीच पळायचे की. किती हसायचो आपण. लाजायचा तो, आईसमोर तुझ्याशी बोलायला.

वर्षाराणी : लाजत न्हवते, वन्सं. अबोला धरायचे.

राजनंदिनी : कशापायी?

वर्षाराणी : कशापायीबी. माहेरी एक दिस जास्त ऱ्हायले म्हणून. म्हशीच्या धारंला उशीर झाला म्हणून. पंधरा-पंधरा दिस. खोलीतबी तसंच, कूस बदलायची आन झोपायचं. भांडले असते तर मीबी चार शब्द सुनवून मोकळी झाले असते. पर सांगणार कुणाला? सगळी म्हणायची, किती गरीब नवरा, कवा आवाज चढवत न्हाय.

राजनंदिनी : मला तरी सांगायचंस.

वर्षाराणी : तुम्ही निरोप किती हौसेनं आणत हुता... वाईट न्हवते ओ ते. मला ताप आलता तवा रातभर कपाळावर पट्ट्या बदलल्या, आन तोंडातनं एक शब्द न्हाय. तेबी लिवा. पर लई दमले मी त्यांच्यासंगं. आन ते गेल्यावरबी दमालेय.

राजनंदिनी : लिहिते. पण आईला कसं वाचून दाखवू हे? दुसरं काय उरलंय तिच्याजवळ?

वर्षाराणी : मग त्यास्नी राजवीरच वाचा. मी कळवते इचलकरंजीला, नगं म्हणून.

राजनंदिनी : असं तोडून बोलू नकोस गं.

वर्षाराणी : मग कसं बोलू, तुम्हीच सांगा!

(आतल्या खोलीचं दार उघडतं. काळा चष्मा लावलेल्या विठाबाई भिंतीला धरून उभ्या.)

राजनंदिनी : आई! उठलीस कशाला? हाक मारायची.

विठाबाई : तुमचं हळू बोलणं पार जिन्यापातूर ऐकू जातंय. वर्सा, पंधरा दिस म्हणालीस?

वर्षाराणी : आत्ती, मी आपलं... पुस्तकासाठनं म्हणालते.

विठाबाई : माझ्यासंगं म्हैना झालता.

राजनंदिनी : काय?

विठाबाई : ट्रॅक्टर नगं घेऊस म्हणाले मी त्याला, तवापास्नं. त्या दिशी सकाळी गाडी काढाय लागला, मी दारातच. जेवायला येणार न्हवं, इचारलं. बघितलंबी न्हाय माझ्याकडं. तसाच गेला. आन सांजच्याला हायवेवरनं त्यो फोन.

वर्षाराणी : कवा बोलला न्हाईसा, आत्ती.

विठाबाई : काय बोलायचं? हिच्या पुस्तकातला राजवीर जाताना माघारी वळून "येतो गं आई" म्हणतोय. ते ऐकाय बरं वाटतंया. म्हणून तीच पानं परत परत वाचाय लावते मी हिला.

राजनंदिनी : ते मी तसंच ठेवते, आई. त्याला हात लावत नाही.

विठाबाई : नगं. काढ ते. त्यो तसा न्हवता, आन मला त्योच पायजे. वर्सा, हिकडं ये. तुझा त्यो इचलकरंजीचा पावणा, राग आल्यावर बोलतो का?

वर्षाराणी : भांडत्यात की. परवा फोनवर लई भांडले, मी रागानं फोन ठिवला. तर परत लावून म्हणाले, माझं आजून संपलं न्हाय.

विठाबाई : मग बोलीव त्याला.