अर्ध्या क्रेटचा सत्कार

सन्माननीय अध्यक्ष दिनानाथराव, नेरूळच्या सोसायटीतून आलेल्या सेक्रेटरी निशिगंधाताई, सत्कारमूर्ती गीतांजलीताई आणि पनवेलच्या गावागावांतून आलेले भाजीपाला सहकारी संस्थेचे शेतकरी सभासदहो,

वार्ताहराला भाषणाला बोलावणे हे धाडसच! भांडण पेटले की आम्ही बातमी देतो; मिटले की आम्हाला कोणी कळवत नाही. हे भांडण मात्र माझ्या डोळ्यांदेखत मिटले.

गीतांजलीताई संस्थेच्या व्यवस्थापक झाल्या, तेव्हा आपली वांगी थेट नेरूळच्या या रहिवासी सोसायटीत जाऊ लागली होती. व्यापाऱ्यापेक्षा भाव बरा मिळे. आणि एक दिवस निशिगंधाताईंचा फोन आला, "वरची वांगी कोवळी, खालची जून. टेम्पो बंद करा." हे गिऱ्हाईक तुटले असते, तर सभासद पुन्हा व्यापाऱ्याच्या दारात उभे राहिले असते.

गीतांजलीताईंनी शेडमध्ये ताडपत्री अंथरली आणि आपल्या सभासद गोजराबाईंचा क्रेट सगळ्यांसमोर पालथा केला.

"काय हो मावशी, वर नवरी आणि खाली आजेसासू?"

गोजराबाई कसल्या ऐकतात! "मंग काय करू? भरलेलाच क्रेट पायजे, ह्यो नियम तुमचा. माज्या चार वाफ्यांत क्रेट भरंपर्यंत वांगी काय तरनी राहतील?"

आपल्या शास्त्रात पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याची बाजू, ऐकल्याशिवाय सिद्धान्त मांडत नाहीत. पूर्वपक्ष इतका खणखणीत, की सिद्धान्ताला तोंड उघडायची सोय उरली नाही. तो नियम कोणी केला होता? अध्यक्षमहाराज, आपण पाणी घ्या, मी नाव घेत नाही.

"अर्धा क्रेट नेणं टेम्पोला परवडत नाही," असे तेव्हा कोणीतरी म्हणाले होते. ताई म्हणाल्या, "एकाचा परवडत नाही. दोघींचा मिळून एक होतो ना? वजन वेगळं करू, क्रेट एक." हेच सहकार, नाही का? त्यासाठी संस्था काढलेली. आपण सोयीस्कर विसरलो होतो.

त्या दिवसापासून दिवसाआड तोडणी आणि सगळी वांगी कोवळी. ज्यांचे वाफे लहान, त्यांनाही पूर्ण भाव मिळू लागला. पूर्वी गोजराबाई उन्हाळाभर दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जात. यंदा गेल्या नाहीत. स्वतःच्याच शेतात आणखी वाफे काढले, त्यात काकडी लावली.

आता ताई उरणच्या शेतकऱ्यांची नवी संस्था उभारायला निघाल्या आहेत. त्यांच्यामागे हे टिकेल का, अशी कुजबुज सभागृहात आहे. मीही त्यात सामील होतो. पण मघाशी दारात निशिगंधाताईंनी विचारले, "उलव्याच्या सोसायटीलाही माल हवाय. ताई चालल्या, आता फोन कोणाला करू?"

गोजराबाईंनी पदर खोचला. "माला करा. पन आदल्या रोजी सांगा, सकाली तोडायचं असतं."

गीतांजलीताई, निश्चिंत मनाने जा.

संयोजकांचे आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल, तर उदार मनाने क्षमा करावी. दिनानाथरावांना ते जमणार नसेल, तर त्यांनी जेवताना माझ्या शेजारी बसावे. मी मुकाट्याने ऐकून घेईन.