दत्तूनं मारलेली टांग

माझं माहेर जोतिबाच्या पायथ्याचं. बाप डोंगरावर गुलाल-खोबरं विकायचा, पोरीला वाचता यावं म्हणून मला चौथीपर्यंत शाळेत धाडलं आणि मग इथं शिवाजी पेठेत दिली. मालक पैलवान. दारात दोन म्हशी, दूध आधी पैलवानाला, उरलं तर गिऱ्हाइकाला. दत्तू झाला, जरा धावायला लागला तसा मालकांनी त्याला तालमीत नेला. मालक लवकर गेले, पण मी पोराची तालीम मोडली न्हाई, पहाटे पाठीत धपाटा घालून मीच उठवायची, जा म्हणायची, बापाचं नाव राख. तेव्हा त्याच्या अंगात जे भरलं ते मी पण भरलं, हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकून एकट्या त्याला नावं ठेवाल तर तसं न्हाई.

देश नुकता स्वतंत्र झाला होता तेव्हा तो कॉलेजात गेला. उंची ही अशी, दाराला डोकं आपटायचं. तिथल्या मास्तरांनी बघितला आणि बास्केटबॉलला घेतला. पेठेत नुसती थट्टा. काय काकू, पोरगा बुट्टीत चेंडू टाकतोय व्हय, उद्या बुट्टी घेऊन भाजीला धाडा. तालमीतला वस्ताद तर वर्षभर त्याच्याशी बोलला न्हाई. मी म्हटलं, खेळू दे की, दूध तेच पितोय न्हवं. आणि काय सांगू तुम्हाला, खेळला बघा. मुरमाच्या मैदानावर अनवाणी खेळायचा, टाचा फुटून रक्त यायचं, पण इलाख्याच्या संघात घेणार त्याला, अशी बोलणी चाललेली.

मग ती मॅच झाली. समोर परगावचं कॉलेज, त्यांच्यात शिवगोंडा म्हणून कुरुंदवाडच्या शेतकऱ्याचं पोरगं, हरणासारखं. मी बघायला गेलती न्हाई, बायका कुठं जातात, पण हजारदा ऐकलंय. शेवटाला गोंडा चेंडू घेऊन टोपलीकडं झेपावला, दत्तू मागं, हात पोचेना, आणि पाय आडवा गेला. तालमीतली टांग. दत्तू म्हणतो, आई, मी मारली न्हाई, ती पायानंच मारली. असेल. तालमीची माती लहानपणापासनं अंगात, ती काय मैदान बघून थांबती? गोंडा हवेतनं आला तो गुडघ्यावरच आला. पंचानं फाऊल दिला, पण त्यांचा तो एकच खेळणारा, तो पडला आणि आमचं कॉलेज जिंकलं. पेठेतली पोरं हलगी वाजवत दारात, टांग काय बसली काकू, बापाचाच पोरगा! आणि मी गल्लीत साखर वाटली. दत्तू जेवायला पाटावर बसला तो न जेवताच उठला. मी म्हटलं, मर्दा, खेळात पडझड व्हायचीच, रडतोस काय?

गोंडाचा पाय बसला न्हाई तो न्हाईच. गुडघा ताठ झाला. दत्तूनं चेंडू सोडला, इलाख्याच्या निवडीला गेला न्हाई, एका शाळेत ड्रिल मास्तर झाला. दर महिन्याला तूप घेऊन कुरुंदवाडला जायचा, त्यांच्या सोप्यात घटकाभर बसायचा, परत यायचा. माफी मागीन म्हणायचा, पण तोंडातनं शब्द निघत न्हवता. लग्नाचं काढलं की म्हणायचा, आधी गोंडाचं होऊ दे. अशी वर्षं गेली आणि मी कावले. म्हटलं, चल, मी येते संगं, पाय धर त्याचे, माग माफी आणि मिटव एकदाचं.

गेलो. सोप्यात चार माणसं जाजमावर बसलेली, चहा चाललेला, गोंडा लोडाला टेकून, मांडीवर शाल. उंबऱ्यातच माझ्या ध्यानात आलं, पोरीकडचे स्थळ बघायला आलेत. पायाचं गोंडाच्या घरच्यांनी पुढं सांगितलंच असतं, पण आधी पोराचं तोंड बघू दे, शेत बघू दे, सगळेच असं करतात. मी दत्तूचा सदरा धरायला हात पुढं केला, पण तो गेलता. मीच भरवलेलं की डोक्यात. सरळ जाऊन त्यानं गोंडाचा पाय धरला आणि हुंदके देत म्हणाला, गोंडा, तुझा पाय मी मोडला, मला माफ कर. शाल खाली पडली. पोरीच्या बापानं कप ठेवला आणि म्हणाला, जरा चालून दाखवता काय? गोंडा उठला. भिंतीपर्यंत चालून दाखवलं. पावणं उरलेला चहा तसाच टाकून गेले.

गोंडाची आई, अव्वा म्हणतात तिला, माझ्यासमोर उभी राहिली. बाई, म्हणाली, खेळात मोडला ते देवानं केलं म्हणून सोडलं, आज काय मोडून निघालीस? आणि गोंडा, शांत पोरगा तो, दत्तूला म्हणाला, तू येतोस तेव्हा मी लंगडा असतोय बघ. एरवी मी शेतात असतोय. आता येऊ नको.

त्यानंतर दत्तू गेला न्हाई. तूप कढवायचं मी पण थांबवलं.

परवा दूध न्यायला येणारी बाई सांगत होती, कुरुंदवाडच्या गोंडाचं लग्न ठरलं. दुसऱ्या स्थळाची पोरगी, तिनं त्याला बाजारात ताठ पायानं चालताना स्वतः बघितला आणि हा चालेल म्हणाली. दत्तू आत भाकरी खात होता, त्यानं ऐकलं. आई, अक्षता टाकायला जाऊ काय? न्हाई म्हटलं. लांबनं बघतो की, मांडवाच्या बाहेरनं. न्हाई म्हटलं न्हवं. मग खाली बघून उरलेली भाकरी खाल्ली. पोराला असं अडवताना आईला बरं वाटतं व्हय? पण अडवायचं तेव्हा अडवलं न्हाई, आता तरी अडवते.

त्या पोरीला मी बघितलेली न्हाई, बघणारही न्हाई. संसार चांगला होऊ दे तिचा, दारात बैल असू देत, पोरंबाळं होऊ देत, आणि पेठेतला दत्तू कोण, त्याची आई कोण, हे तिला जन्मात विचारायची पाळी येऊ नये.