उजवीकडचा पाइप

— नाई जी, गाडी झाली. काम झालं म्हणूनच तर काल रीनानं तुमाले फोन केला, माह्या पोरीनं, का येऊन घेऊन जा. तुमचे किती फोन येऊन गेले ते माहीत आहे मले. मोबाइल बंद होता. रागवा, पण आधी गाडी पाहा, मंग रागवा — थांबा, वरचं पोतं काढते — हे पाहा. दोन्ही सायलेन्सर लागले. डावीकडचा काही त्रास नाई, तो थोड्यात बसला. उजवीकडं या, वाका थोडं. हा बेंड पाइप, इंजिनापासून निघते तो. इथं काळा पडला, दिसते ना? तुमी म्हणाल, नवीन सामान पाठोलं, डब्यातून काढलं तेव्हा आरशासारखं होतं. होतंच. पण तापवल्यावर चमक जाते. अन् तापवल्याशिवाय वाकत नाई, वाकवल्याशिवाय तो बसत नव्हता. — मिस्त्री कुठं आहेत? सांगते. बसा जी, हिमांशुभाऊ, ती खुर्ची घ्या. इतक्या दुरून रायपूरवरून आले, बसा.

तुमचा डबा मीच उघडला होता. बावीस वर्षं झाले, या टीनाखाली मी रीनाच्या बाबाच्या समोर बसते. ते एक टोक कसणार, मी दुसरं धरणार. लोक म्हणतात सौंदडचा संघदीप मिस्त्री, पण पाना तर मीच देते ना हातात — देत होती. तर डबा उघडला. या जुन्या येझदीले दोन बाजूनं दोन पाइप, अन् असली आता कुठं मिळतात? कोणीतरी कुठंतरी नकली बनवते, लोक घेतात. यायनं उजवा पाइप डोळ्यापाशी धरला, बंदुकीसारखा, अन् म्हणे, अंजना, ज्यानं हा बनवला ना, त्यानं गाडी पाह्यलीच नाई. फोटो पाहून बनवला. अन् खरंच जी — तोंडाची कॉलर पातळ, नट दोन फेरे गेला का तिरपा होऊन जाते. पाइप दोन बोटं बाहेर. मागचं बोल्टचं भोक एकीकडं, गाडीचं भोक दुसरीकडं. सायलेन्सर हलवला तर आत खडखड, आतली नळी वेल्डिंगचा एक ठिपका मारून सोडलेली. तीन दिवस लावून राहिले, काढून राहिले. दुसरा कोणी असता तर हातोडा मारून बसवला असता, राहिलं ते तारेनं बांधलं असतं. मीबी तेच म्हटलं. पण त्यायले ते जमत नाई. चुन्नीलालजीची गाडी आहे म्हणे, तुमच्या वडिलाची. ते तरणे होते, इथंच राहत होते, तेव्हापासून ही गाडी याच टीनाखाली येत होती ना.

मंग त्यायनं तुमाले फोन लावला. आठवते? हात काळे होते म्हणून मोबाइल मीच धरला होता, स्पीकरवर. त्यायनं सांगितलं का सामान चुकीचं आहे, बदलून मागवा. अन् तुमी म्हणाले, सामान बराबर आहे मिस्त्री, तुमचे हातच आता राहिले नाई. जमत नसंल तर सांगा, दुसऱ्याकडं नेतो. — नाई आठवत? नसंल. वडिलाच्या वाढदिवसाले दारात गाडी उभी करायची होती, घाई होती, माणूस बोलून जाते. मी धरून नाई बसली ते. तुमाले सांगायचंबी नव्हतं, निघून गेलं तोंडातून. त्यायनं मले म्हटलं, बंद कर. मंग मोरीवर गेले अन् हात धुतले, साबणानं, पुन्हा धुतले, पुन्हा उलटे करून पाह्यले. जेवले नाई त्या दिवशी.

सकाळी उजवा पाइप सिमेंटच्या पोत्यात गुंडाळला अन् गोंदियाले निघाले, पॅसेंजरनं. तिथं सुखरामभाऊचं लेथ मशीन आहे. कॉलर नवीन चढवून आणतो, वाकवणं घरीच करतो म्हणे. चप्पल घालता घालता दारात बसले. म्हणे, छातीत भरल्यासारखं वाटते. मी म्हटलं, उपाशी झोपले, गॅस झाला. — होते ना गॅस उपाशीपोटी, म्हणून म्हटलं. ते म्हणे, उद्या जाऊ का? अन् मी... रविवारी रीनाले पाहाले पाहुणे येणार होते जी. अंगणात ही गाडी उघडी पडलेली, तेलाचे डाग, नट-बोल्ट. मी म्हटलं, उद्या कायले, आजच जाऊन या एकदाचे, माहं अंगण मोकळं होऊ द्या. — हे मी कोणाले सांगितलं नाई. रीनालेबी नाई. तुमाले काऊन सांगितलं, काय माहीत.

ते नाई आता, हिमांशुभाऊ. सतरा दिवस झाले.

काम मात्र झालं होतं. सुखरामभाऊ सांगत होते, कॉलर चांगली बसली, नट आटे धरून पुरा आत गेला, खुशीत होते, दोन कप चहा पेले. परतीच्या गाडीले टाइम होता. फलाटावर बाकावर बसले, पाइप मांडीवर घेऊन. गाडी आली, लोक चढले, गाडी निघून गेली, हे बसलेलेच. एका फेरीवाल्यानं खांदा हलवून पाह्यला. मी गेली तोपर्यंत त्यायले दवाखान्यात नेलं होतं, पांढरी चादर टाकून. पोलिसानं सामान दिलं — मोबाइल, चष्मा, अन् पोतं. कागदावर लिहिलं होतं, लोखंडी नळी, एक नग. मी सही केली. त्या मोबाइलवर तुमचे चार फोन येऊन गेले होते. मंग बॅटरी उतरली, मी चार्जले लावला नाई.

रडू आलं नाई जी. अजूनबी नाई. बाया म्हणतात, अंजनाबाई दगड झाली. म्हणू द्या. भंतेजी आले, पुण्यानुमोदन झालं, पाहुणे आपापल्या गावी गेले. दुसऱ्या दिवशी मी भांडे घासले, झाडलं, अन् इथं येऊन बसली. ठरवून नाई. पाहते तर हातात पाना. पाइपात सुकी रेती ठासली, दोन्हीकडून लाकडाची खुंटी मारली म्हणजे वाकवताना चपटा होत नाई, अन् गॅसनं तापवला. लाल झाला. कडुनिंबाच्या बेचक्यात घालून दाबला, गाडीले लावून पाह्यला, पुन्हा तापवला. दोन बोटं आत आणाले दोन दिवस गेले. मागचं भोक बुजवलं, दुसरं पाडलं. आतली नळी पुरी वेल्डिंग केली, चारी बाजूनं. मनगट पोळलं, हे पाहा, तर मले समजलंच नाई. रीना भाजी घेऊन आली अन् ओरडली, आई, कातडं जळून राहिलं. मी म्हटलं, हो का. — त्यायच्यासाठी केलं असं लोक म्हणतील. तुमच्यासाठीबी नाई केलं. अंगणात पडलं होतं, म्हणून केलं.

— काऊन उठले? नाई, पाय नका धरू. उठा बापा. तुमच्यानं झालं असं मी म्हटलं का? डॉक्टर म्हणे, झटका होता, घरी असते तरी आला असता. असंल. तुमी तसं मानून घ्या, मीबी मानून पाहते. — डोळे पुसा जी. माह्याकडून होत नाई ते, अन् दुसऱ्याचं पाहून काय करू मी? वाढदिवस कधी आहे? परवा? मंग जा, टायमावर पोचते गाडी. चुन्नीलालजीले काही सांगू नका आत्ताच. वाढदिवस होऊ द्या.

थांबा! किक नका मारू. इथं नाई. मीबी नाई मारली अजून. आवाज बराबर आहे का नाई मले माहीत नाई अन् ऐकायचाबी नाई. स्टँड काढा. लोटत न्या. सडकेवर नाई, तिकडं पुलाच्या पलीकडं नेऊन चालू करा. — हो, जड आहे. लोटा.