भोकापेक्षा मोठी गोळी

...आणि उकाडा तरी किती असावा त्या दिवशी, तुम्हाला सांगतो, ऑक्टोबर संपत आलेला, आमच्या पंतनगरात सकाळी सातलाच बनियन अंगाला चिकटलेलं, पंखा नुसती गरम हवा ढवळतोय, दोरीवरचा रुमालसुद्धा हलत नव्हता, आणि अशात माझा नातू मला सांगतो की गोळी भोकापेक्षा मोठी हवी. आता तुम्हीच सांगा, मावायची कशी?

थांबा, सावकाश सांगतो, मला घाई जमत नाही. सौरभ म्हणजे माझ्या मुलीचा मुलगा, असतो अमेरिकेत. पोरगा गुणी, पण फोन म्हणाल तर दिवाळीला एक, फार तर गणपतीत एक. 'कसे आहात?' 'बरा आहे.' 'जेवलात?' 'जेवलो.' संपलं. मग दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतो. आणि या महिन्यात काय झालं कुणास ठाऊक, रोज फोन. इथली सकाळ म्हणजे तिकडची आदली संध्याकाळ, तेव्हा सातच्या ठोक्याला. मला व्हिडिओ लावता येत नाही, म्हणून शेजारचा नंदकिशोर ऑफिसला निघता निघता लावून देतो, आणि तिथेच उभा राहून ऐकतो.

तर सौरभने तिकडच्या क्लबात नेमबाजीसाठी जुन्या तऱ्हेचं रिव्हॉल्व्हर घेतलं. त्याला काडतूस नाही हो. चक्रात सहा घरं, प्रत्येक घरात बंदुकीची सुटी काळी दारू ओतायची, वर शिशाची गोल गोळी ठेवायची, दांडीने दाबायची. गोळ्या घरीच ओतायच्या, साच्यात. साचा कसा, तर आपला मोदकाचा असतो ना, दोन पाकळ्यांचा, तसाच, फक्त मुठी लांब. दुकानात साचे चार मापांचे. कुठला घ्यावा? तेव्हा पोराला आठवलं की आजोबा गिरणीत फिटर होते.

अहो, मी शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण माप घ्यायचा व्हर्नियर वाचतो. छाती फुगली माझी. तो म्हणाला, "आजोबा, रिव्हॉल्व्हरवर चव्वेचाळीस लिहिलंय." म्हटलं, "लिहिलेल्यावर जाऊ नको रे, मोज." मोजलं तर घराचं तोंड चारशे सत्तेचाळीस थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मी डोळे मिटून सांगितलं, चारशे चाळीसचा साचा घे. वस्तू भोकात अलगद गेली पाहिजे, जन्मभर तेच केलं ना. भोकापेक्षा मोठी केली तर मावायची कशी?

रविवारी त्याने क्लबात दोन घरं भरली, नळी जरा खाली केली, आणि गोळ्या टपटप बाहेर. तिथला एक म्हातारा धावत आला, त्याने याचा हातच धरला. सौरभने आवाज काढून दाखवला, नाकातून, जाडसर, "सन, हू टोल्ड यू धिस?" आणि आमचं पोर काय म्हणालं? "माय ग्रँडफादर."  मग म्हाताऱ्याने म्हणे समजावलं, गोळी सैल असली की एका घराची आग शेजारच्या घरात शिरते, दोन्ही एकदम उडाली तर बोटं जातात, म्हणून गोळी भोकापेक्षा मोठीच हवी.

बोटं... माझ्या तोंडच्या मापाने.  "वाट लागली असती, काका," नंदकिशोर म्हणाला. म्हटलं, "सौरभ, आता मला विचारू नको रे." तर म्हणतो, "तुम्हालाच विचारणार ना."

मग बसलो विचार करत. भोकापेक्षा मोठी, आणि आत जाते... मावायची कशी? प्लंबरने टाकलेला पाइपचा तुकडा घेतला, कच्चा बटाटा त्याच्या भोकापेक्षा जरा मोठाच गोल कापला, आणि दाबला अंगठ्याने. गेला आत. आणि काठावर काय राहिलं, तर सोललेली बारीक वळी, बांगडीसारखी. शिसंसुद्धा मऊच की. वरची कड सोलून गोळी आपलं भोक आपणच बंद करते. मी चार बटाटे संपवले. आमची मंडळी, मालन, दारात उभी. "मी बटाटे भाजीक हाडलेत, बंदुकीक नाय."

आता उरले तीन साचे, चारशे एक्कावन्न, चोपन्न आणि सत्तावन्न. म्हातारा म्हणाला होता, बहुतेकांना एक्कावन्न चालतो. म्हटलं, बहुतेकांना चालेल, माझ्या नातवाला? सहाच्या सहा घरं मोज. आधी एकच मोजलं होतं आम्ही, केवढी चूक. पाच घरं चारशे सत्तेचाळीस, सहावं चारशे पन्नास. त्या सहाव्यात एक्कावन्न कशी घट्ट बसणार? म्हटलं, चोपन्न घे. सत्तावन्न नको, दांडीच मोडशील.

पुढच्या सोमवारी सकाळी सौरभने फोनवर तळहात धरला. त्यावर शिशाच्या सहा वळ्या, केसासारख्या, अख्ख्या, एकीलाही तुटका भाग नाही. "आजोबा, परफेक्ट. त्या म्हाताऱ्याने तुम्हाला नमस्कार सांगितलाय." मी डोळे पुसले, घाम गेला होता.

मंगळवारी सातला बसलो. बुधवारी बसलो. गुरुवारी नंदकिशोर चपला घालत होता, म्हटलं, "नंदू, फोन बंद तर पडला नाही ना रे? जरा बघ."

त्याने फोन घेतला, उलटसुलट केला, परत माझ्या हातात दिला.

"फोन ठीक आहे काका. माप बरोबर सांगितलंत ना तुम्ही? मग आता तो कशाला विचारेल?"