बस बंद होणार

पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातल्या एका आरोग्य केंद्रात वार्ताहर ग्रासाच्या कानावर शेजारच्या दोन म्हाताऱ्यांचं बोलणं पडलं.

"एर्मेलिंदा, हॉस्पिटलची बस बंद होणार गं!"

"कोण म्हणालं, देओलिंदा?"

"मी स्वतः वाचलं. फोनवरच्या पेपरात आता ‘सोपं करा’ असं बटण आहे. यंत्र अवघड बातमी छोट्या वाक्यांत लिहून देतं."

"नवरा रोज वाचून दाखवतो ना तुला?"

"तो म्हणाला, आपल्या कामाचं काही नाही."

"मग इतकी वर्षं वाचत काय होता?"

"फुटबॉल! ते जाऊ दे. हरकत असेल त्यांनी गुरुवारी पालिकेच्या सभेला यायचंय. चल."

"तिथे बोलायचं काय?"

"बसशिवाय तू डायलिसिसला कशी जाणार, ते."

ग्रासाने फोनवर आपलीच बातमी उघडली. सभेचा उल्लेख तिने अगदी शेवटच्या ओळीत केला होता. तिने कचेरीत फोन लावला.

"बसच्या बातमीतली शेवटची ओळ सगळ्यात वर घ्या. हो, आत्ताच."